पॅरासेलिंगचा हार्नेस प्रवाशाला बांधायचा क्रम: आधी काय, नंतर काय?

किनारा_नवखा

या हंगामापासून कर्दे-मुरूड पट्ट्यात पॅरासेलिंगच्या बोटीवर प्रवाशांना हार्नेस (बोटीने ओढलेल्या छत्रीला माणूस टांगायचा पट्ट्यांचा संच) बांधायचं काम माझ्याकडे आहे. बोट विंचवाली (दोरी सोडणारं-गुंडाळणारं यंत्र असलेली), म्हणजे प्रवासी डेकवरून उडतो आणि डेकवरच उतरतो. हार्नेस दोन तऱ्हेचे आहेत. एक झोपाळ्यासारखा: रुंद बैठक, कमरेचा पट्टा, दोन मांडीपट्टे. दुसरा खांद्यांवरून येणारा, त्याला छातीपट्टाही आहे.

बांधता येतो, पण जो तो वेगळा क्रम सांगतो. कोणी म्हणतं लाइफ जॅकेट आतून, कोणी म्हणतं वरून. घट्ट म्हणजे किती घट्ट? साडी, ओढणी, सुटलेलं पोट, लहान पोर यांचं काय करायचं? हुक लावल्यावर, सोडायच्या आधी नेमकं काय बघायचं? एका फेरीमागे जेमतेम तीन-चार मिनिटं हाताशी असतात. माहितगारांनी सविस्तर सांगावं, नुसतं "काळजी घे" नको.

---

देवबाग_तांडेल

आधी त्या तीन-चार मिनिटांचं बोलू. तेवढ्यात बांधून होतं, तपासून होत नाही. म्हणून पहिला वर असतानाच पुढच्याला बांधून बाकावर बसवायचं. हुक लावायच्या वेळी पट्ट्यांशी झटापट नको, फक्त तपासणी. गिऱ्हाईक खंय पळान जाता?

जॅकेट आत, हार्नेस वर. यावर वाद घालू नकोस. जॅकेट वरून घातलं की निम्मी बकलं त्याखाली झाकली जातात, आणि झाकलेलं बकल कोणी बघत नाही. दुसरं, वर उचलताना खांद्याकडे जाणारे पट्टे जॅकेटला हनुवटीपर्यंत रेटतात. तिसरं कारण सगळ्यात मोठं: माणूस पाण्यात असताना हार्नेस काढायची वेळ आली तर आधी जॅकेट काढावं लागेल. जॅकेट फोमचंच हवं, हवेने फुगणारं नको, कारण हार्नेसखाली ते फुगायला जागाच नसते. सगळी बकलं लावून झाल्यावर जॅकेटच्या दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून बघ. ते कानापर्यंत आलं तर माप मोठं आहे, बदल.

आता हार्नेस. पायात घालण्याआधी तो हवेत धर, दोन्ही डी-रिंग (हुक अडकवायच्या इंग्रजी D आकाराच्या कड्या) वर, बैठक खाली. पट्ट्याला पीळ असेल तर इथेच दिसतो. पीळ पडलेला पट्टा रुंदीभर टेकत नाही, कडेवर टेकतो आणि जांघेत कापतो. प्रवासी खाली आल्यावर मांडीवर लाल वळ दाखवतो, त्याचं निम्म्या वेळा हेच कारण असतं.

प्रवाशाला उभं ठेव आणि एक हात रेलिंगवर ठेवायला सांग, बोट हलत असते. आधी डावा पाय, मग उजवा, मग बैठक वर ओढून कुल्ल्यांखाली. मांडीपट्टा मांडीच्या मुळाशी बसला पाहिजे, मांडीच्या मध्यावर नाही. मध्यावर राहिला तर उचलताना बैठक गुडघ्यांकडे सरकते, माणूस मागे झुकतो आणि सगळं वजन काखेत येतं. मग तो घाबरून हात वर करतो. खांद्याच्या हार्नेसमध्ये हात वर गेले की खांदे आक्रसतात आणि सैल छातीपट्टा गळ्याकडे चढतो. हार्नेसमधून निसटायची सुरुवात अशी मांडीपासून होऊ शकते.

खांद्यांच्या हार्नेसमध्ये क्रम असा: खांदे, छातीपट्टा नुसता अडकवून सैल, मग दोन्ही मांडीपट्टे आवळ, शेवटी छातीपट्टा. आधी छाती आवळलीस तर मांडीपट्टे ओढताना सगळा हार्नेस खाली खेचला जातो आणि एका बाजूला तिरका बसतो. छातीपट्टा काखेच्या रेषेत, श्वास पूर्ण घेता येईल इतपतच. त्याचं काम वजन पेलायचं नाही, खांदे बाहेर निसटू न द्यायचं आहे.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. प्रवाशाला एकदा उकिडवं बसायला सांग आणि उठव. जॅकेटचा फोम दबतो, कपड्यांच्या घड्या सरकतात, आणि मघाशी घट्ट वाटलेला मांडीपट्टा दोन-तीन बोटं सैल निघतो. तो पुन्हा आवळायचा. मग दोन्ही डी-रिंग त्याच्या कानाच्या उंचीला धरून वर ओढ, टाचा उचलेपर्यंत. ओढ मांडीला आणि बैठकीला लागली तर ठीक. "छातीत आवळतंय" म्हणाला तर उघडून पहिल्यापासून.

कपड्यांचं. साडी नेसून झोपाळ्याच्या हार्नेसमध्ये बसवणारे आहेत, पण निऱ्या मांडीपट्ट्याखाली गोळा होतात आणि वर गेल्यावर सुटतात. पट्टा तेवढाच सैल झाला. नऊवारीचा कासोटा त्यापेक्षा बरा, तरी गाठ पट्ट्याखाली येऊ देऊ नये. बोटीवर दोन-तीन मापांच्या नाडीच्या ट्रॅकपँट ठेवा, दोनशे-तीनशे रुपयांचं काम आहे. ओढणी, स्कार्फ, गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा काढायचा. मंगळसूत्र जॅकेटच्या आत. खिशातला मोबाइल आणि चाव्या काढूनच, नाहीतर मांडीपट्ट्याखाली आल्यावर पट्टा नीट बसत नाही. आणि पुरुष प्रवाशांना लाज न बाळगता विचार: जांघेत काही अडकलंय का? आवळण्याआधी विचार, नंतर नव्हे.

---

दोरखंड

तांडेलांचं बरोबर आहे, फक्त "घट्ट किती" याचं उत्तर राहिलं. पट्ट्याखाली दोन चपटी बोटं जावीत, मूठ जाऊ नये, हे माप सगळे सांगतात. पण हे माप उघड्या मांडीवर चालतं. फोमच्या जॅकेटवरून गेलेल्या कमरेच्या पट्ट्याखाली दोन बोटं कधीही जातात, कारण फोम दबतो. तिथे बोटं घालू नका, पट्टा धरून वर ढकला. तो कमरेच्या हाडावरून वर सरकला तर सैल आहे.

सुटलेल्या पोटाला झोपाळ्याचा हार्नेस देऊ नका. कमरेचा पट्टा पोटाखाली घसरतो, वरचं धड जड होतं आणि धक्का बसला तर माणूस डोक्याकडे कलंडू शकतो. लहान मुलांचं कारण उलटं पण परिणाम तोच: त्यांना पट्टा अडवायला कमरेला उतारच नसतो. दोघांनाही खांद्यांचा हार्नेस. आणि सगळ्यात लहान मापातही मांडीपट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढावा लागत असेल, तर ते मूल त्या हार्नेससाठी लहान आहे. आईबाप कितीही म्हणाले तरी.

कॅराबिनरकडे, म्हणजे हुक म्हणून वापरायच्या स्क्रूवाल्या धातूच्या कडीकडे, लक्ष द्या. चांगल्या कॅराबिनरवर २२ किलोन्यूटन वगैरे छापलेलं असतं, म्हणजे ढोबळमानाने सव्वादोन टन. हे लांबीच्या दिशेने आणि गेट (कडीची उघडणारी बाजू) बंद असताना. गेट उघडं राहिलं तर तोच कॅराबिनर साधारण ७ ते ८ किलोन्यूटनवर येतो, आडवा ओढला तरी तसंच. म्हणून स्क्रू नुसता फिरवून भागत नाही, गेटवर अंगठा दाबून उघडतं का ते बघायचं. स्क्रू बंद होताना खाली उतरेल अशा तऱ्हेने कॅराबिनर लटकवा. थरथरीने तो आपणहून बंदच्या बाजूला फिरतो, उघडायच्या नाही.

वाळूचं एक. स्क्रूच्या आट्यांत वाळू आणि मीठ बसलं की तो अर्ध्यावर अडतो आणि हाताला वाटतं की पूर्ण बंद झाला. डोळ्यांनी बघा, आटे दिसत असतील तर बंद नाही.

---

आभाळवेडी

मी स्कायडायव्हिंगच्या बाजूने लिहिते, कारण तिथे हीच गोष्ट बारकाईने बसवलेली आहे आणि यातलं बरंच बोटीवर जसंच्या तसं चालतं.

तिकडे "तीनांची तपासणी" असते. तीन कड्या, तीन पट्टे, तीन हँडल. तीन कड्या म्हणजे बिघडलेली मुख्य छत्री कापून सोडायची खांद्यावरची रचना, ती छत्र्या बनवणाऱ्या बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात आणली. मोठी कडी हार्नेसला शिवलेली, तिच्यातून मधली, मधलीतून छोटी, छोटीतून पांढरा लूप आणि लूपमधून पिवळी केबल. लूप फक्त छोट्या कडीतून गेलेला पाहिजे. तीन पट्टे म्हणजे छातीचा एक आणि मांड्यांचे दोन. तीन हँडल म्हणजे मुख्य छत्री उघडायचं, ती कापायचं (उजव्या बाजूला) आणि राखीव छत्रीचं (डाव्या बाजूला). हे सगळं तीनदा होतं: अंगावर चढवण्याआधी, विमानात चढण्याआधी आणि उडी मारण्याआधी. छत्रीची पिशवी बंद ठेवणारी पाठीमागची पिन स्वतःला दिसत नाही, म्हणून ती नेहमी दुसऱ्याने बघायची.

तुमच्या कामाची गोष्ट छातीपट्ट्याची. तिथे क्लिकवालं बकल नसतं, घर्षणावर पकडणारं लोखंडी बकल असतं आणि आत सरकता दांडा. पट्टा चौकटीतून आत जातो, दांड्यावरून वळतो आणि त्याच चौकटीतून परत येतो. चुकून तो दांड्याला न वळवता नुसता आरपार ओवला गेला तरी समोरून दिसायला तसाच दिसतो, हाताने हलकं ओढलं तरी धरतो. भार आला की सरसर सुटतो. छातीपट्टा असा चुकीचा ओवला जाणं ही त्या खेळातली जुनी जीवघेणी चूक आहे, आणि ती नवख्यांपेक्षा घाईत असलेल्या जुन्यांकडून जास्त होते, कारण नवख्याला कोणीतरी तपासत असतं. ओळखायची खूण: पट्टा स्वतःवरच दुमडून परत आलेला दिसला पाहिजे, दांड्यावर पट्ट्याचे दोन पदर. उरलेलं टोक इलॅस्टिकमध्ये खोचलेलं. टोक मोकळं फडफडत असेल तर तपासणी तिथेच थांबवायची.

टँडम उडीत प्रवाशाचा हार्नेस चार ठिकाणी प्रशिक्षकाला जोडतात, दोन खांद्यांवर आणि दोन कमरेजवळ. मांडीपट्ट्यांना मागून वायच्या आकाराचा पट्टा जोडलेला असतो. पाय पोटाशी घेतले की मांडीपट्टे गुडघ्यांकडे घसरतात आणि मागून बैठक मोकळी होते, त्या फटीतून माणूस घडी होऊन खाली निसटू शकतो. तो पट्टा ही फट बंद ठेवतो. तुमच्या झोपाळ्याच्या हार्नेसमध्येही हीच फट आहे, म्हणून मांडीपट्टे आणि बैठक यांना जोडणाऱ्या मागच्या पट्ट्याचे टाके आधी बघा. तो तुटला तरी हार्नेस समोरून ठीकच दिसतो.

आणि विमानात बसल्यावर पट्टे पुन्हा आवळतात, कारण उभ्याने घट्ट केलेला पट्टा बसल्यावर सैल होतो. तांडेलांचं उकिडवं बसवणं म्हणजे तेच.

---

किनारा_नवखा

खूप कामाचं. आमच्याकडे छातीचं बकल प्लास्टिकचं क्लिकवालं आहे आणि मांडीची लोखंडी, आभाळवेडी ताईंनी सांगितली तशी. आज घरी नेऊन एकेक ओवून बघतो.

दोन प्रश्न राहिले. एक, दोरी तुटून माणूस पाण्यात पडला तर हार्नेस लगेच सुटावा म्हणून क्विक रिलीज लावावा असं मालकांच्या मनात आहे. लावावा का? दोन, जोडपं उडताना कोण कुठल्या बाजूला?

---

देवबाग_तांडेल

दोन नंबरचं आधी. जोडप्यात बाजू कुठलीही चालेल, पण दोघांचे पट्टे बारवर (छत्रीखालच्या आडव्या दांडीवर) मधल्या खुणेपासून सारख्या अंतरावर हवेत. वजनात फार फरक असेल तर जड बाजू खाली झुकते, हलका माणूस वर टांगला जातो आणि त्याचा मांडीपट्टा एकाच बाजूने ताणतो. तिघे असतील तर जड माणूस मधे.

क्विक रिलीज प्रवाशाच्या हाताच्या टप्प्यात नको. ऐंशी-शंभर फुटांवर घाबरलेला हात जे सापडेल ते ओढतो. बरं, स्क्रूचा कॅराबिनर ताण असताना पाण्यातही उघडता येत नाही, हेही खरं. दोरी तुटल्यावर छत्री वाऱ्याने फुगलेली असेल तर ती माणसाला पाण्यावरून फरफटत नेते, आणि त्या ओढीत ना प्रवाशाला हुक काढता येतं ना पोहता. म्हणून खरा इलाज हार्नेसमध्ये शोधू नका, वाऱ्यात शोधा.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा (ताशी सागरी मैल) २० नॉट झाला की छत्रीवरची ओढ दुप्पट नाही, चौपट. आपल्याकडे सकाळी मतलई वारा जमिनीवरून येतो, तो मऊ. दुपारी बारा-एकनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि तीनच्या सुमाराला तो भरात असतो. गर्दीही नेमकी तेव्हाच, जेवून आलेली. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने २०१४ मध्ये पॅरासेलिंगचा कायदा केला, त्यात सलग वारा ताशी २० मैलांच्या वर किंवा झोत २५ मैलांच्या वर गेला की उड्डाण बंद. ताशी २० मैल म्हणजे साधारण १७ नॉट. आपल्या बोटीवर हातात धरायचा वारामापक असावा. कोळ्याला वारा अंगावर कळतो हे खरं, पण धंदा ऐन भरात असताना अंगावर कळलेलं तोंडाने बोललं जात नाही. आकडा दिसला की वाद मिटतो.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये दीवच्या नागवा किनाऱ्यावर दोरी तुटून एक जोडपं समुद्रात पडलं, ते वाचलं ते लाइफ जॅकेटमुळे. दोरीत गाठ जिथे असते तिथे ती सगळ्यात कमजोर असते. साधी बोलाइन गाठसुद्धा दोरीची ताकद तिसऱ्या हिश्श्याने सहज घटवते. गाठीजवळचा तुकडा ठरावीक फेऱ्यांनंतर कापून नवीन गाठ मारायची, दोरी आखूड होते म्हणून हळहळायचं नाही. पण तो वेगळा धागा होईल.

---

खारंपाणी

हार्नेस कसा बांधावा यावर बोललात, बांधण्यालायक उरलाय का यावर कोणी बोललं नाही.

मीठ सुकलं की त्याचे स्फटिक पट्ट्याच्या धाग्यांत बसतात आणि प्रत्येक वाकण्याबरोबर धागे कापतात. रोज संध्याकाळी गोड्या पाण्यात बुडवून, पिळून न काढता, सावलीत टांगायचे. विहिरीचं पाणी चालेल, पण किनाऱ्यालगतची विहीर मचूळ असेल तर उपयोग शून्य. उन्हात वाळत घालू नका. नायलॉन आणि पॉलिएस्टर दोन्ही उन्हाने कमजोर होतात. रंग फिका पडलेला पट्टा हाताला कडक लागतो आणि नखाने खरवडला तर पांढरी भुकटी येते. तो बाद. भिजलेलं नायलॉन दहा-पंधरा टक्के ताकद गमावतं, वाळलं की परत मिळवतं, म्हणून दिवसभर ओल्या राहणाऱ्या बोटीसाठी पॉलिएस्टरचे पट्टे बरे.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे बोटीची बॅटरी जिथे असते तिथेच हार्नेस ठेवायचं खोकं. डिझेलचा डाग दिसतो, वास येतो, माणूस धुतो. बॅटरीच्या ॲसिडचा थेंब दिसतही नाही आणि नायलॉन आतून खातो. पट्टा बाहेरून शाबूत, भार आला की सुतळीसारखा तुटतो. खोकं दुसऱ्या टोकाला हलवा, हे आजच.

टाके बघताना पट्टा उलटा वाकवा, म्हणजे धागे बाहेर उघडतात. पट्टा आणि टाके वेगळ्या रंगाचे असले तर तुटलेला धागा लगेच दिसतो, खरेदी करताना एवढं तरी बघून घ्या. तुटलेले टाके किनाऱ्यावरच्या शिंप्याकडून शिवून घेणारे महाभाग आहेत. चपलेच्या दुकानातला दोरा आणि शिवण भार घेण्यासाठी नसते. प्लास्टिकच्या क्लिकवाल्या बकलाचे दोन्ही दात बघा. वाळूने एक दात झिजला की आवाज येतो, पण पकड एकाच बाजूला असते. क्लिक ऐकून समाधान मानू नका, बंद केल्यावर दोन्ही बाजूंनी ओढा.

---

किनारा_नवखा

घरी आणून बघितले. सहापैकी दोन हार्नेसमध्ये मांडीच्या लोखंडी बकलात पट्टा दांड्यावरून न वळवता आरपार ओवलेला निघाला. समोरून बघून अजिबात कळत नव्हतं, उलटा करून बघितला तेव्हा दिसलं. आणि खोकं खरंच बॅटरीच्या शेजारी आहे.

---

दोरखंड

ते दोन बाजूला काढा, पण नुसते नीट ओवून परत लावू नका. चुकीच्या ओवणीत पट्टा बकलाच्या धारेवर घासलेला असतो. तिथला अर्धा फूट पट्टा बोटांत धरून बारीक बघा. कड उसवलेली किंवा वितळल्यासारखी चकचकीत दिसली तर हार्नेस बाद. बाकी चारांचे पट्टे नीट ओवून, मोकळं टोक दुमडून त्यावर आडवी शिवण मारून घ्या. तिथून भार जात नाही, त्यामुळे ती साध्या शिंप्याने मारली तरी चालते. टोक जाड झालं की पट्टा बकलातून पूर्ण बाहेर येतच नाही आणि पुन्हा चुकीचा ओवायचा प्रश्न मिटतो. पण सहाही बॅटरीशेजारी राहिलेले आहेत. आधी खारंपाणी म्हणतात तसे वाकवून टाके बघा; ॲसिडने खाल्लेला पट्टा मात्र बघून कळत नाही, म्हणून ॲसिड लागल्याची शंका असेल तो शिवायला न देता बाद करा.